शाळेतल्या छळाबद्दल डॉक्टरांना कसं सांगावं

चाळिशीतला माणूस अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, तुटक झोप अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात जातो. शाळेत पोरं रोज छळायची, हे मात्र सांगत नाही. इतक्या वर्षांनी त्याचं काय, असं वाटतं. पण संबंध आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली मार्चच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशकं पाठपुरावा झाला. ७ आणि ११ व्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीत नैराश्य आणि चिंताविकार जास्त आढळले. शरीरातला दाह दाखवणारं सीआरपीही जास्त निघालं. प्रत्येकाला हे होतंच असं नाही, धोका वाढतो.

जाण्याआधी अर्धं पान लिहा. काय व्हायचं, कोणत्या इयत्तेत, किती काळ, घरी कोणाला सांगितलं होतं का, आणि आज कशाने त्रास उसळतो. उदाहरणार्थ: 'पाचवी ते आठवी. डबा फेकायचे, जाड्या म्हणायचे. घरी बोललो नाही. अजून मीटिंगमध्ये मागे कोणी हसलं की छातीत धडधडतं.' एवढं पुरे. सगळे प्रसंग उकरून लिहायला बसू नका, त्याने रात्रीची झोप जाते. छळ सोसता सोसता तुम्हीही कोणाला छळलं असेल तर तेही लिहा. लाज वाटेल, पण अशा मुलांना पुढे मानसिक त्रासाचा धोका सर्वांत जास्त दिसतो, म्हणून ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायला मदत करणारी नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल उत्तरं द्यायची. गुणांची बेरीज १० किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उलटी चूकही होते: प्रत्येक दुखणं बालपणाच्या खात्यावर टाकलं जातं. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासाच. छातीत दुखलं तर 'टेन्शन' म्हणून घरी थांबू नका. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर व कोलेस्टेरॉलही पाहून घ्या.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरेच जण दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडतात, नाहीतर बरं वाटताच स्वतःहून बंद करतात आणि त्रास उलटतो. बरं वाटल्यानंतरही बहुधा किमान सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. थांबवायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, अशा जुन्या छळाच्या केसेस हाताळल्या आहेत का. 'विसरून जा, सगळ्यांनाच चिडवतात' असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.