कारखान्याला नैसर्गिक गॅस विकण्याचा करार करायला जाण्यापूर्वी

दरपत्रक काढण्याआधी कारखान्याकडून गेल्या 12 महिन्यांची इंधनाची बिलं मागवा. महिन्याची बेरीज पुरत नाही. भट्टी रोज किती तास चालते, पाळ्या किती, साप्ताहिक सुट्टी कधी (भोसरी पट्ट्यात बहुधा गुरुवार), दिवाळीत किती दिवस बंद, हे खरेदी विभागापेक्षा बॉयलर चालवणाऱ्याला विचारा.

मग उष्मांक मांडा. गॅसची उष्णता एमएमबीटीयू या एककात मोजतात; 1 एमएमबीटीयू म्हणजे 2,52,000 किलोकॅलरी. एलपीजीच्या 19 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 0.9 एमएमबीटीयू. गॅसचं बिल ग्रॉस उष्मांकावर (जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णता धरून) निघतं, बर्नरवाला कार्यक्षमता बहुधा नेटवर (ती उष्णता वगळून) सांगतो. दोन्हींत सुमारे 10 टक्क्यांचं अंतर आहे; ते विसरलात तर बचतीचा तक्ता पहिल्याच बिलाला खोटा ठरतो.

कराचीही तीच गत. फर्नेस ऑइल आणि एलपीजी जीएसटीत आहेत, तो कर कारखान्याला वळता करून मिळतो, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होतो. नैसर्गिक गॅस व्हॅटमध्ये आहे (महाराष्ट्रात एप्रिल 2022 पासून 3 टक्के) आणि तो जीएसटीतून वळता होत नाही. म्हणून जुन्या इंधनाचा जीएसटी वगळून आणि गॅसचा व्हॅट धरूनच तुलना करा.

सगळ्यात जास्त वेळ डीसीक्यूला, म्हणजे करारातल्या रोजच्या मात्रेला द्या. समजा डीसीक्यू 5,000 एससीएम (प्रमाणित घनमीटर) आहे आणि महिन्याला किमान 80 टक्के उचलीचे पैसे भरायचे आहेत. 30 दिवसांचे 1,20,000 एससीएम झाले. 26 दिवस काम चाललं तर 1,30,000 उचलले जातात, काळजी नाही. पण दिवाळीला आणखी 6 दिवस बंद पडले की उचल 1,00,000 वर येते आणि न वापरलेल्या 20,000 एससीएमचं बिल ग्राहकाच्या हातात पडतं. इथेच वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. नियोजित बंदचे दिवस किमान उचलीतून वजा होतील असं कलम आणि त्याची पूर्वसूचना किती दिवस आधी द्यायची, हे लेखी घ्या. विक्रीचं उद्दिष्ट गाठायला डीसीक्यू फुगवू नका.

मीटरसाठी कमाल प्रवाहाइतकाच किमान ताशी प्रवाह विचारा. रात्री एकच छोटा बर्नर जळत असेल तर मोठ्या मीटरला तो नीट मोजता येत नाही. एलपीजीचे बर्नर असतील तर नोझल आणि गॅस ट्रेन (बर्नरआधीची व्हॉल्व्ह-रेग्युलेटरची जोडणी) बदलायचा खर्च कोणाचा, तेही ठरवा.

गॅसचा दिवस सकाळी 6 ते दुसऱ्या सकाळी 6 असतो, पाळ्यांच्या वेळा त्याला जुळतीलच असं नाही. नॉमिनेशन (पुढच्या दिवशी किती गॅस लागेल ती आगाऊ मागणी) कोण पाठवणार आणि तो रजेवर असताना कोण, अशी दोन नावं आणि दोन नंबर घेऊनच परता. ग्राहकाने दिलेल्या बँक गॅरंटीची मुदत करारापेक्षा आधी संपत नाही ना, तेही पाहून घ्या.