ग्वाल्हेरहून अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा डिफेन्स कोच व्हायचंय? मग हे वाचाच

आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका पोराने हेच विचारलं म्हणून लिहितेय. आधी हे डोक्यात पक्कं करा की हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही, समोरच्याला ४ डावांत १० यार्ड पुढे जायचं असतं आणि तुमच्या ११ जणांनी त्याला अडवायचं, बस, डिफेन्स कोचचं सगळं आयुष्य याच्यातच जातं.

सुरुवात इथूनच करा. १९५७ पासूनची एलएनआयपीई (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था) आपल्याच गावात आहे, तिथे शारीरिक शिक्षणाची डिग्री घ्या आणि सोबत कबड्डी जरूर खेळा, कारण रेडरची कंबर वाचणं, साखळी न तुटू देणं, ही नजर अमेरिकन फुटबॉलमध्येही लागतेच (हे मी अगदी मनापासून सांगतेय).

मग अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स आणि ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करायची, जागा शोधा. काम म्हणजे तासन् तास मॅचचे व्हिडिओ बघायचे, प्रत्येक चाल लिहून काढायची, कोण कुठे उभा होता, बॉल सुटायच्या आधी कोण हलला, कोणत्या डावाला पळतात नि कोणत्या डावाला फेकतात, आणि हे सगळं सकाळी कोचच्या टेबलावर हवं. कंटाळा केलात तर संपलं.

नंतर एका पोझिशनचे कोच, म्हणजे लाइनबॅकर (पुढच्या रांगेच्या मागे उभे राहणारे) किंवा सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारे) यांचे, आणि मग पूर्ण डिफेन्सचे कोऑर्डिनेटर. घाई नको. कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले कोच निक सेबन १९७३ मध्ये केंट स्टेटला असिस्टंट होते, अलाबामाचे हेड कोच झाले २००७ मध्ये.

आणि टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, शिकवताना पोरांचं डोकं वर ठेवायला लावा, मान फार जपायची असते.