सोलापुरात गिला मॉन्स्टर पाळायचा असेल तर: आधी बीळ, मग सरडा

विषारी सरडा पाळायचा म्हटलं की दोनच नावं समोर येतात. एक गिला मॉन्स्टर, अमेरिकेच्या नैऋत्य भागातला आणि वायव्य मेक्सिकोतला. दुसरा बीडेड लिझार्ड, मेक्सिकोपासून ग्वाटेमालापर्यंत आढळणारा. दोघेही हेलोडर्मा कुळातले. आपल्या भिंतीवरची पाल किंवा अंगणातली सापसुरळी यांच्यात माणसाला बाधेल असं विष नाही, लोक काहीही म्हणोत. घोरपडीचा तर विचारच नको. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडलं किंवा घरात ठेवलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. घरात घोरपड शिरली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, बाकी काही नाही.

कागद आधी

हेलोडर्मा परदेशी असला तरी तो मोकाट व्यापाराचा प्राणी नाही. तो सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा सगळ्या प्राण्यांना आपल्या कायद्याची चौथी अनुसूची लागू होते. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाते. परदेशातून आणायचा तर सायटीसचा परवाना, विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशु विलगीकरणाची मंजुरी हे सगळं प्राणी विमानात चढण्याआधी हातात हवं. गिला मॉन्स्टरला त्याच्या मूळ मुलखातही संरक्षण आहे. ॲरिझोनाने ते १९५२ सालीच दिलं. म्हणजे कायदेशीर प्राणी पैदाशीतलाच असणार आणि त्याच्या जन्माचा कागद असणारच. ‘कागद मागून देतो’ म्हणणाऱ्याकडून प्राणी घेऊ नका. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे मोजण्याआधी सोलापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या.

भाड्याचं घर, घरात लहान मुलं, किंवा तुमच्यामागे सरड्याच्या पेटीची किल्ली सांभाळेल असं दुसरं जाणतं माणूस नसणं, यातलं एकही असेल तर हा प्राणी पाळू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तो २० ते ३० वर्षं जगतो.

सोलापूरचं ऊन त्याला मानवत नाही

वाळवंटातला प्राणी, त्याला सोलापूरचा उन्हाळा काय करणार, असं बहुतेकांना वाटतं. नेमकं इथंच चुकतं. गिला मॉन्स्टर वाळवंटात राहतो, पण आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो. बाहेर हिंडताना त्याचं अंग साधारण २९-३० अंशांवर असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४३ होतं. पारा ४० च्या आसपास गेला की हा सरडा अवस्करातून, म्हणजे मलमूत्राच्या एकाच द्वारातून, पाण्याची वाफ सोडून अंग थंड ठेवायला लागतो. मूत्राशयात साठवलेलं पाणी तो त्यासाठी खर्च करतो. ते संपलं की त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. अंगाचं तापमान ४० च्या पुढे टिकलं तर तो काही तासही तग धरत नाही.

म्हणून खोली निवडणं हे पेटीपेक्षा महत्त्वाचं काम. पत्र्याखालची खोली बाद. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोलीही बाद, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. पश्चिमेची भिंत असलेली खोली टाळा. जुनं माळवदाचं घर असेल तर जाड भिंतींची मधली खोली उत्तम. नाहीतर तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली आणि तिथे एसी.

कूलरवर विसंबू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो चांगला गारवा देतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की गारवा कमी होतो आणि ओल तेवढी वाढते. सतत ओलसर मातीवर बसलेल्या सरड्याच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते चिघळतात. कूलरचा झोत थेट पेटीवर तर कधीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. प्राणी आणण्याआधी एक पूर्ण उन्हाळा रिकामी पेटी चालवा. लांब वायरचा सेन्सर असलेला किमान-कमाल डिजिटल थर्मामीटर बिळाच्या आत ठेवा आणि मार्च ते जून रोज दुपारी चारला व पहाटे आकडे वहीत लिहा. वीज गेलेल्या दिवसाची वेगळी खूण करा. बिळातला कमाल आकडा एकदाही ३० च्या वर गेला तर खोली बदला, नाहीतर बेत सोडा.

वीज जाण्याची तयारी वेगळी लागते, कारण घरातला साधा इन्व्हर्टर एसी ओढत नाही. फ्रीजरमध्ये एक लिटरच्या सहा बाटल्या बर्फ करून कायम ठेवा. मासळीवाल्याकडे मिळते तशी झाकणाची थर्माकोलची पेटी घ्या आणि तिला वरच्या बाजूला भोकं पाडा. खोली ३२ वर गेली की सरड्याला कुलपाच्या डब्यात (झडपेने बंद होणारं त्याचं बीळ, ते पुढे ‘पेटी’त सांगितलं आहे) घेऊन तो डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली. उघडी बाटली अंगाला लावू नका. सरडा पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून राहायला लागला तर ती गंमत समजू नये. पेटी तापल्याची ती बहुधा पहिली खूण असते.

पेटी

एका मोठ्या गिला मॉन्स्टरला ४ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच पेटी पुरते. बीडेड लिझार्ड मोठा होतो आणि झाडावर चढतो, त्याला किमान ६ फूट लांबी आणि जास्त उंची हवी. सुताराकडून १८ मिमी मरीन प्लायची पेटी करून घ्या, पुढे ६ मिमीची सरकती काच, दोन्ही काचांना मिळून कुलूप आणि वर दुसरी कडी. हवेच्या जाळ्या स्क्रूने बसवा, नुसत्या चिकटवू नका. हा सरडा दिसतो सुस्त, पण नखांनी उकरण्यात आणि फट उचकटण्यात तो चिवट आहे. खोलीच्या दाराखालची फट रबराने बंद हवी, मोरी असेल तर तिला पक्की जाळी हवी.

तळाला १० ते १५ सेमी थर द्या. आपली काळी माती नको. ओली झाली की ती चिकटते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. धुऊन उन्हात वाळवलेली बारीक वाळू आणि चाळलेली लाल माती निम्मी-निम्मी घ्या. बिळासाठी शहाबादी फरशीचा तुकडा सर्वांत चांगला, तो गारवा धरतो. पण फरशी मातीवर टेकवू नका. खाली चारही कोपऱ्यांत विटा पेटीच्या तळावर ठेवा आणि त्यांच्यावर फरशी टेकवा, मग माती भरा. सरडा फरशीखालची माती उकरतो, आणि फरशी मातीवर असली तर खाली बसून त्यालाच चिरडते.

यातलंच एक बीळ म्हणजे कुलपाचा डबा. लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा, एका बाजूला भोक, आणि ते भोक पेटीबाहेरून ओढता येईल अशा सरकत्या झडपेने बंद होणारं. सरडा आत गेला की झडप टाकायची, मगच पेटीत हात घालायचा. ज्याच्याकडे हा डबा नाही त्याने विषारी सरडा पाळू नये.

एका टोकाला जाळीच्या आड दिवा, खाली ३२ ते ३५ अंशांची जागा. दुसरं टोक २३ ते २५. दिव्याला थर्मोस्टॅट आणि त्यावर ३७ ला वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट, कारण पहिला बिघडतो तेव्हा तो चालू स्थितीतही अडकू शकतो. एप्रिल ते जून दिवा बहुतेक लागतच नाही. कोकोपीट ओलं करून भरलेला एक बंद डबा कात टाकण्यासाठी ठेवा. कात तुकड्यांत निघते आणि बोटांवर राहिलेली कडी आवळत जाते, रक्त थांबतं, बोट काळं पडतं. पाण्याचं भांडं पसरट आणि जड हवं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असलं तरी भांड्यातलं पाणी रोज बदला.

खाणं

जंगलात हा सरडा घरटी लुटतो: पक्ष्यांची अंडी, पिल्लं, सशांची व उंदरांची पिल्लं. एका वेळी तो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं खाऊ शकतो आणि मग बराच काळ उपाशी राहतो. पेटीत ती भूक पुरवत बसलात तर तो लठ्ठ होऊन यकृताच्या विकाराने मरेल. ५०० ग्रॅमच्या मोठ्या सरड्याला १० ते १४ दिवसांतून एकदा, साधारण ५० ग्रॅम: दोन मोठे पाळीव उंदीर, किंवा हॅचरीतून आणलेलं कोंबडीचं एक दिवसाचं मेलेलं पिल्लू. सरड्याच्या पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी एखादं छोटं उंदराचं पिल्लू. लाव्ह्याचं अंडं कधीतरी एखादं चालेल, पण नुसत्या अंड्यांवर ठेवू नका. कॅल्शियम अपुरं पडतं आणि कच्चा पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो.

घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्याने आधी कुठलं विष खाल्लंय हे तुम्हाला कळत नाही. भक्ष्य मेलेलंच द्या, ४० सेमी चिमट्याने, फरशीच्या तुकड्यावर ठेवून. महिन्यातून एकदा कुलपाच्या डब्यासकट वजन करून डब्याचं वजन वजा करा. शेपूट त्याचा साठा आहे. ती बारीक होत गेली तर जंत किंवा आजार, मानेपर्यंत सगळंच गोल झालं तर खाणं कमी करा.

सोलापूरचा हिवाळा फसवा असतो. दुपारी ३० आणि पहाटे १४-१५. दुपारी खाल्लेलं रात्रीच्या थंडीत पचत नाही, पोटातच कुजतं आणि उलटून पडतं. एकतर रात्री पेटी २३ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर थंडी सुरू होण्याआधी तीन आठवडे खाणं बंद करून त्याला गार खोलीत झोपू द्या. अधलंमधलं काही करू नका.

हाताळणी आणि चावा

हाताने उचलायचं नाही, कधीच नाही. चामड्याचे हातमोजे भरवशाचे नाहीत. मीटरभर लांबीचा रुंद हूक, एक लांब दांड्याची सुपली आणि फिरकीच्या झाकणाची खोल बादली पुरते. दुसरं माणूस खोलीत हवं.

विषग्रंथी खालच्या जबड्यात असतात आणि विष खोबणीच्या दातांवरून वर चढतं. तो साप नाही, डसून सोडत नाही. तो धरतो आणि चावत राहतो, म्हणून सेकंद महत्त्वाचे. २०२४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडोत ३४ वर्षांचा एक माणूस स्वतःच्या पाळीव गिला मॉन्स्टरच्या चाव्याने चार दिवसांनी दगावला. असे मृत्यू दुर्मीळ आहेत, पण होतात.

चावला तर ओढू नका, मांस फाटतं आणि दात आत तुटतात. सरड्याचे पाय जमिनीला टेकवा. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून वळवा, किंवा हात सरड्यासकट पाण्याच्या बादलीत बुडवा. सुटला की त्याच्यावर बादली उपडी घाला. अंगठी, घड्याळ काढा, जखम धुवा, हात हृदयाच्या पातळीवर स्थिर ठेवा. आवळून बांधणं, कापणं, पाला लावणं नको. १०८ ला फोन करा आणि थेट सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जा. चावा लहान दिसला तरी जा.

पेटीवर एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा आणि रुग्णालयात सोबत न्या. त्यावर असं लिहा: चावा हेलोडर्मा सरड्याचा आहे, सापाचा नाही. यावर प्रतिविष उपलब्ध नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही आणि त्याचीच ॲलर्जी उलटू शकते. लक्ष रक्तदाब, घशाची व जिभेची सूज, आणि हृदयाच्या आलेखावर हवं. सलाईन, वेदनाशामक, गरज पडल्यास ॲड्रेनलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, तुटलेल्या दातांसाठी एक्स-रे. सोलापूरचे डॉक्टर सर्पदंश भरपूर पाहतात आणि सवयीने हात सापाच्या प्रतिविषाकडे जाऊ शकतो, म्हणून हा कागद लागतो.

घरी उरलेल्या माणसाने सरड्याला हुकाने डब्यात सरकवून झडप टाकावी. आठवडाभर खायला देऊ नका. दात तुटले असतील तर नवे येतात, पण हिरडीवर पिवळट थर किंवा सूज दिसली तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. त्यासाठी बहुधा पुण्याला, अडीचशे किलोमीटर जावं लागेल. तो प्रवास उन्हाळ्यात रात्रीच करा, आणि थर्माकोलची पेटी बरोबर घ्या.