छायाचित्रांची प्रत आपोआप निघावी यासाठी

मोबाइलमधील आणि कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर उतरवली की ती सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यानंतरही ती एकाच डिस्कच्या भरवशावर असतात. मुंबईत हा भरवसा फारच तोकडा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क दोन्ही एकदमच जातात. म्हणून छायाचित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, हा जाणकारांत रुळलेला नियम इथे काटेकोरपणे पाळायला हवा.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी फ्रीफाइलसिंक हे विनामूल्य सॉफ्टवेअर मला सर्वांत सोयीचे वाटते. त्यात डावीकडे छायाचित्रांचे मूळ फोल्डर आणि उजवीकडे बाह्य डिस्कवरील फोल्डर निवडावे. यानंतरची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. ‘मिरर’ हा पर्याय उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो. त्यामुळे मुळातून चुकून पुसलेले छायाचित्र पुढच्या वेळी प्रतीतूनही नाहीसे होते. त्याऐवजी ‘अपडेट’ निवडावा, कारण त्यात नव्या आणि बदललेल्या फाइली उजवीकडे जातात, परंतु तिथले काहीही केवळ मुळात नाही म्हणून पुसले जात नाही. शिवाय ‘व्हर्जनिंग’ सुरू करून त्यासाठी वेगळे फोल्डर दिले, तर एखादी फाइल बिघडून तिची बिघडलेली आवृत्ती प्रतीवर चढली, तरी आधीची चांगली आवृत्ती त्या फोल्डरमध्ये शाबूत राहते.

ही मांडणी ‘बॅच जॉब’ म्हणून, म्हणजे आपोआप चालवता येईल असे ठरवून ठेवलेले काम म्हणून, जतन करावी आणि ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज रात्रीची, संगणक सुरू असेल अशी वेळ लावून द्यावी. डिस्क दुसऱ्या पोर्टला जोडल्यावर तिचे ड्राइव्ह अक्षर (विंडोज डिस्कला देते ते E:, F: असे अक्षर) बदलू शकते आणि काम अडते. म्हणून फ्रीफाइलसिंकमधील उजव्या फोल्डरच्या पत्त्यात अक्षराऐवजी डिस्कचे नाव चौकटी कंसात लिहावे. मॅकवर हेच काम त्यात आधीपासून असलेली टाइम मशीन ही सोय करते, आणि तिथे डिस्क निवडण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

घराबाहेरच्या प्रतीसाठी क्लाउड सोपा आहे. मात्र गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असून, १५ जीबीची मर्यादा जीमेल आणि गूगल ड्राइव्हसह मिळून आहे. शिवाय फोनवरील अॅपमध्ये पुसलेले छायाचित्र क्लाउडवरूनही जाते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. संग्रह मोठा असेल, तर दुसरी डिस्क घेऊन ती डोंबिवलीच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि गणपतीत किंवा दिवाळीत भेट होईल तेव्हा तिच्यात नवी भर घालावी.

प्रती निघू लागल्यावर महिन्यातून एकदा प्रतीमधील काही जुनी आणि काही नवी छायाचित्रे दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावीत, आणि सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत त्रुटी दिसल्यास ती त्याच दिवशी दूर करावी.