माळ्यावरच्या खोलीत आधी चिकटपट्टी, मग सुतार

उतरत्या छपराच्या खोलीत फर्निचर आलं की कळतं, कपाटाचं दार छताला अडतंय आणि पलंगावरून उठताना डोकं आपटतंय.

१. घरातल्या सर्वांत उंच माणसापेक्षा वीतभर लांब काठी घ्या.
२. ती उभी धरून उताराकडे सरकवा. छताला टेकली की जमिनीवर खूण करा. अशा तीन-चार खुणा जोडून चिकटपट्टी लावा.
३. पट्टीपासून खोलीच्या मध्याकडे वावर, ओटा, उंच कपाट. पलीकडे पलंग (पायथा उताराकडे, उसं नव्हे!) आणि अगदी सांदीत चाकांचे खण. खण जेवढा खोल, तेवढी जागा समोर मोकळी हवी. हे हमखास विसरतं.

सांदी कायमची ठोकून बंद करू नका. गळती तपासायला एक फळी उघडती ठेवा.