मोठ्या संख्येला ७, ११, १३ ने भाग जातो का, एकाच फेरीत तपासा

७ × ११ × १३ = १००१. म्हणजे १००० ला या तिघांपैकी कुणीही भागलं तरी बाकी −१ धरता येते. सगळी युक्ती एवढ्यावरच उभी आहे.

संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि उजवीकडूनच आळीपाळीने अधिक, वजा करत चला. ६४२०५३१८४७६ घ्या: ४७६ − ३१८ + २०५ − ६४ = २९९. आता फक्त २९९ बघायचे. १३ × २३ = २९९, म्हणून मूळ अकरा अंकी संख्येलाही १३ ने भाग जातो. ७ ने बाकी ५, ११ ने २. मूळ संख्येच्याही बाक्या याच. एका बेरीज-वजाबाकीत तीन उत्तरं, हे खरंच सुंदर आहे.

चुका बहुतेक गट पाडतानाच होतात. लाख-कोटींचे स्वल्पविराम (६४,२०,५३,१८,४७६) आधी काढून टाका, नाहीतर दोन-दोन अंकांचे गट पडतात. डावीकडून सुरुवात केली तरीही उत्तर चुकतं. उत्तर ऋण आलं तर भाग जातो की नाही, यात फरक पडत नाही. पण बाकी हवी असेल तर ऋण उरणार नाही इतक्या वेळा १००१ मिळवून मगच भागा.

एक्सेलमध्ये तपासत असाल तर सांभाळा: तिथे १५ च अंक टिकतात, पुढचे शून्य होतात. लांब संख्या मजकूर म्हणून टाका आणि गट त्यातून कापा.