रोपांसाठी कामट्यांचा स्वस्त बोगदा
थंडीत मिरची-टोमॅटोचं बी उगवायला रखडतं. त्यासाठी 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब वाफ्यावर ओल्या बांबूच्या 2 मीटर लांबीच्या 5 कामट्या कमानीसारख्या वाकवा आणि दोन्ही टोकं वीतभर खोल रोवा. कामट्यांच्या धारेवर चिंध्या गुंडाळा, नाहीतर वर अंथरायचा प्लास्टिकचा कागद तिथेच फाटतो. वर 2 मीटर रुंद, साडेचार मीटर लांब यूव्ही (उन्हात टिकणारं) प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबा. साधं प्लास्टिक घेऊ नका, उन्हाने त्याचा चुरा होतो.

रोपं दगावतात ती बहुधा थंडीने नव्हे, कोंडलेल्या दमटपणाने: बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून सकाळी नऊला दोन्ही तोंडं उघडा, सूर्य मावळण्याआधी बंद करा. पाणी सकाळीच, बेताने द्या. लावणीआधी आठवडाभर कागद थोडा थोडा जास्त वेळ काढून ठेवा.